तगणे आणि फुलणे

घरात काढलेल्या पहिल्या दोन हिवाळ्यांनंतर माझ्या जास्वंदीने एकही फूल दिले नाही. ती मेली नव्हती, आजारीही नव्हती. पाने हिरवीगार आणि तकतकीत होती, आणि घरी येणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून कौतुकाने दोन शब्द बोलत असे. मी राहते तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पारा बहुतेक रात्री शून्याच्या खाली असतो. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या आत घ्यायच्या आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात पुन्हा बाहेर काढायच्या, असा माझा वर्षाचा क्रम ठरून गेला आहे. त्या पहिल्या दोन वर्षांत मी जास्वंदीला बैठकीच्या खोलीत, घरातल्या सर्वांत उबदार जागी ठेवले, रोज पाणी घातले, दर पंधरा दिवसांनी खत दिले. जून आला, जुलै गेला, ऑगस्टमध्ये शेजारच्या अंगणांत सगळीकडे रंग दिसत होते, आणि माझ्या कुंडीत पानांवर पाने येत राहिली.

झाड तगवणे आणि झाड फुलवणे ही एकाच कामाची दोन नावे आहेत, असे मी तोवर गृहीत धरले होते. तसे नाही, हे समजायला मला तिसरा हिवाळा लागला. झाड जगावे म्हणून मी जे काही मनापासून करत होते, त्यातले निम्मेअधिक त्याला फुलण्यापासून अडवत होते.

उष्ण प्रदेशातली झाडे थंड मुलखात फुलवण्याची धडपड जुनी आहे. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्याजवळ १६८४ ते १६८६ या काळात जाड भिंतींची, दक्षिणेकडे उंच खिडक्या असलेली एक प्रचंड इमारत केवळ संत्र्यासारखी कुंडीतली झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी बांधली गेली, आणि लाकडी खोक्यांमधली झाडे तिथे आजही उन्हाळ्यात बाहेर आणि थंडीत आत अशी ने-आण करतात. मला मात्र अधिक जवळची वाटते ती स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअसची हकिगत. नेदरलँड्समध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या बागेत काम करताना १७३६ साली लिनीअसने केळीला फूल आणून दाखवले. युरोपच्या हवेत ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होती. त्याने केळीला सुपीक माती दिली, काही आठवडे पाणी जवळजवळ तोडले, आणि त्यानंतर उष्ण प्रदेशातला पाऊस कोसळावा तसे भरपूर पाणी दिले. केळ ठरावीक संख्येने पाने आल्यावर आपोआप फुलावर येते, हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे त्या यशाचे सगळे श्रेय त्या कोरड्या आठवड्यांना देता येणार नाही. तरीही त्याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. झाड आपल्या मुलखात कोणत्या ऋतूंतून जाते हे त्याने आधी पाहिले आणि काचेच्या घरात केवळ ऊब न देता तो क्रम द्यायचा प्रयत्न केला.

या कोरड्या काळाला मराठीत फार नेमका शब्द आहे: ताण. फळबागांमध्ये झाडाला ताण देतात आणि मग बहार धरतात. हे दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकले होते, पण माझ्या खिडकीतल्या कुंडीशी त्यांचा काही संबंध असेल हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. ताण म्हणजे छळ नव्हे. वाढीचा हात आखडता घेऊन झाडाला साठवण करायला लावणे, असा त्याचा खरा अर्थ आहे. पाणी आणि नत्र (नायट्रोजन) सतत मिळत राहिले, तर बहुतेक झाडे पाने आणि फांद्या वाढवत राहतात. फुलांची निकड त्यांना वाटत नाही.

माझ्या बैठकीच्या खोलीत नेमके काय चालले होते, ते मी पुढे मोजूनच पाहिले. मोबाइलवर प्रकाश मोजण्याचे एक ॲप मिळते. ते प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतके अचूक नसते, पण दोन जागांची तुलना करायला पुरते. डिसेंबरमधल्या एका स्वच्छ दुपारी खिडकीच्या काचेला लागून सुमारे अडीच हजार लक्स प्रकाश होता, आणि जास्वंद जिथे ठेवली होती तिथे, खिडकीपासून जेमतेम दोन मीटरवर, दीडशे. उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास जातो. मला ती खोली उजळ वाटत होती, कारण माणसाचे डोळे कमी उजेडाशी काही क्षणांत जुळवून घेतात. पानांना ती सोय नाही. त्यांना जेवढा प्रकाश मिळतो तेवढीच साखर ती तयार करू शकतात.

कमाईची बाजू ही अशी. खर्चाची बाजू उष्णतेवर ठरते. झाडाचा श्वासोच्छ्वास रात्रंदिवस चालू असतो, आणि हवा जितकी गरम तितका तो वेगाने चालतो, म्हणजेच साठवलेली साखर तितक्या वेगाने जळते. बैठकीच्या खोलीत २२ अंश सेल्सिअस तापमान आणि दीडशे लक्स प्रकाश, याचा अर्थ खर्च उन्हाळ्यासारखा आणि कमाई जवळजवळ नाही. त्यात ऊब आणि पाणी मिळाल्यामुळे झाडाला वाटते की वाढीचा ऋतू आहे, म्हणून ते फुटवे काढते. पण प्रकाश अपुरा असल्यामुळे ते फुटवे लांबुडके, फिकट आणि दोन पानांमध्ये भरपूर अंतर असलेले निघतात. ते वाढवण्यात मागच्या उन्हाळ्याची शिल्लक संपून जाते. वसंतात बाहेर गेल्यावर झाड आधी ही झीज भरून काढत बसते, आणि फुलण्याइतके बळ येईपर्यंत पुन्हा आत जायची वेळ होते. माझी दोन वर्षे अशी गेली.

यावर दोन सरळ मार्ग आहेत आणि दोन्ही खरे आहेत. झाडाला उबेत ठेवायचे असेल तर त्याला तितका प्रकाशही द्यावा, म्हणजे वर चांगला एलईडी दिवा टांगून तो दिवसाला १२ ते १४ तास चालू ठेवावा आणि रात्री अंधार करावा. तसा दिवा नसेल, तर झाडाला थंड जागी न्यावे, पाणी कमी करावे आणि त्याला निजू द्यावे. पूर्ण जागे ठेवा किंवा पूर्ण निजू द्या. मधली अवस्था, म्हणजे उबदार पण अंधारी खोली, हे झाडाचे जागरण असते, आणि घरात आणलेल्या बहुतेक कुंड्यांच्या वाट्याला नेमके हेच येते. मी दुसरा मार्ग निवडला. घराच्या मागच्या बाजूला काचांनी बंद केलेली एक पडवी आहे. तिथे हीटर नाही, पण घराच्या भिंतीच्या उबेमुळे तापमान सहसा १० ते १५ अंशांच्या दरम्यान राहते. त्याआधी मी तिथे केवळ रिकाम्या कुंड्या आणि खोरी-फावडी ठेवत असे.

निजू देणे म्हणजे सगळ्यांना सारखेच वागवणे नव्हे. प्रत्येक झाडाची झोप वेगळी असते, आणि या कामात मला सर्वांत जास्त गोडी त्यातच वाटते.

चाफ्याची झोप सर्वांत गाढ. तो पानझडी आहे. रात्री थंड होऊ लागल्या की त्याची मोठमोठी पाने पिवळी पडून एकेक गळतात आणि उरतात त्या जाड, बोथट टोकांच्या करड्या फांद्या. या अवस्थेत त्याला प्रकाशाची गरज जवळजवळ नसते, कारण प्रकाश घ्यायला पानच नसते. हवा १० अंशांच्या वर आणि माती कोरडी एवढे सांभाळले की पुरते. फांद्यांची साल थोडी सुरकुतली तर घाबरू नये. मांसल खोडात साठवलेले पाणी तो वापरत असतो. त्याला थंडीपेक्षा थंड ओलीचे भय अधिक असते. एका वर्षी मला त्याची दया आली आणि जानेवारीत मी त्याला तांब्याभर पाणी घातले. महिन्याभराने एका फांदीचे टोक मऊ होऊन काळे पडले. मला तिथून चांगल्या भागापर्यंत कापत जावे लागले, आणि चाफ्याच्या बाबतीत टोक जाणे म्हणजे त्या फांदीचे फूल जाणे, कारण त्याचा फुलोरा फांदीच्या शेंड्यातूनच निघतो. म्हणूनच जास्वंदीसारखी वसंतात चाफ्याची छाटणी करून चालत नाही. फुलोरा येऊन गेल्यावर तो स्वतःच त्या टोकाखाली दोन-तीन नव्या फांद्या फोडतो, आणि पुढच्या फुलांच्या जागा तितक्या वाढतात.

बोगनवेल पानझडी असतेच असे नाही, पण थंड पडवीत माझी वेल सगळी पाने टाकते. पहिल्या वेळी ती मेली असे समजून मी कुंडी रिकामी करायला घेतली होती. फेकण्याआधी अंगठ्याच्या नखाने साल खरवडून पाहिली, तर खाली हिरवा, ओलसर पदार्थ होता. तेव्हापासून काड्या झालेल्या कोणत्याही झाडाबद्दल मी ही नखाची परीक्षा घेतल्याशिवाय निकाल देत नाही. हिवाळ्यात तिला तीन आठवड्यांतून एकदा, माती अगदी धूळ होऊ नये इतपत पाणी पुरते. तिच्या फुलण्यात एक वेगळी गंमत आहे. आपण ज्यांना फुले म्हणतो ती रंगीत, कागदासारखी पाने असतात, आणि खरी फुले म्हणजे त्यांच्या मधोमध असलेल्या तीन बारीक पांढुरक्या नळ्या. फिलिबेर कॉमेर्सों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ साली रिओ दी जानेरोजवळ ही वेल पाहिली आणि आपल्या मोहिमेचा प्रमुख बोगनव्हिल याचे नाव तिला दिले. बोगनवेलीला मुळे थोडी दाटलेली मानवतात, दोन पाण्यांच्या मध्ये माती चांगली सुकलेली मानवते, आणि लांब रात्रीही मानवतात.

रात्रीच्या लांबीचा हा मुद्दा थोडा उलगडून सांगण्यासारखा आहे. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकन संशोधकांनी १९२० साली दाखवून दिले की काही वनस्पती दिवसाची लांबी ओळखून फुलतात. त्यांनी तंबाखूच्या एका जातीला उन्हाळ्यात रोज काही तास अंधारात ठेवले आणि एरवी हिवाळ्यापर्यंत न फुलणारी ती झाडे उन्हाळ्यातच फुलली. मराठीत याला दीप्तिकालिता म्हणतात. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून असे दिसले की वनस्पती खरे तर दिवस न मोजता अखंड रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तरी तिचा हिशेब मोडतो. लाल पानांच्या पॉइन्सेटियाला रंग यायला हवा असेल तर शरद ऋतूत आठ-दहा आठवडे रोज सुमारे १४ तास निखळ अंधार लागतो, आणि तो स्वयंपाकघरात ठेवला तर रात्री जेवण होईपर्यंत चालू असणारा दिवाही त्याला पुरेसा अडथळा ठरतो. जास्वंद अशी रात्र मोजत बसत नाही. तिला एकूण प्रकाश किती मिळाला, एवढ्याशीच तिचे देणेघेणे असते. हा फरक कळला नाही तर माणूस जास्वंदीला खोक्याखाली झाकून ठेवतो आणि पॉइन्सेटियाला दिव्याखाली, आणि दोन्ही रुसतात.

मोगऱ्याबद्दल मला आईने सांगितले. फोनवर मी तिला म्हणाले, की मोगरा चांगला हिरवा आहे पण दोन वर्षे कळीचे नाव नाही. ती क्षणभर थांबून म्हणाली, "अगं, त्याला थोडा उपाशी ठेव. पानं ओरबाडून काढ, शेंडे काप आणि पाणी तोड. हिरवा राहिला तर हिरवाच राहील." मला ते क्रूर वाटले. पण मोगरा नव्या फुटव्यांच्या टोकांना फुलतो, आणि जुन्या, दमलेल्या पानांच्या आधाराने वर्ष काढणारे झाड नवे फुटवे काढायला उशीर करते, हे मी पुढे स्वतः पाहिले. आता मी डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी अगदी कमी करते, फेब्रुवारीच्या शेवटी जुनी पाने हाताने काढून टाकते, फांद्या तिसऱ्या हिश्शाने कापते आणि त्यानंतरच कुंडी उजेडात आणून भरपूर पाणी देते. पहिल्या वर्षी असे केले तेव्हा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पडवीचे दार उघडताच वास आला, आणि फूल दिसण्याआधीच मला कळले.

अनंताची तऱ्हा मात्र निराळी. त्याला झोपवू नये. तो बारमाही हिरवा राहतो, त्याला प्रकाश हवा, आंबट माती हवी, ओल सतत पण बेताची हवी, आणि कळ्या धरण्यासाठी रात्री गार, साधारण १५ ते १८ अंशांच्या, हव्यात. उबदार खोलीत त्याच्या कळ्या हरभऱ्याएवढ्या होऊन गळून पडतात. मी दोनदा अनंत आणला आणि दोन्ही वेळा गमावला, आणि तरीही या सर्व झाडांमध्ये माझा सर्वांत जास्त जीव त्याच्यावर आहे.

आता पुन्हा जास्वंदीकडे येते, कारण तिची झोप अर्धी असते आणि म्हणून ती सांभाळायला अवघड. ती सर्व पाने टाकत नाही; उरलेल्या पानांसाठी तिला खिडकीजवळची जागा लागते. आत आणल्यावर पहिल्या महिन्यात तिची बरीच पाने पिवळी होऊन गळतात. उन्हात वाढलेली ती जाड पाने कमी प्रकाशात झाडाला परवडत नाहीत, म्हणून ते स्वतःच पसारा कमी करते. माणूस नेमका या वेळी चुकतो: पान पिवळे पडले की त्याचा हात पाण्याच्या भांड्याकडे जातो. कमी पाने म्हणजे कमी पाणी वर ओढले जाणार. त्यात माती थंड. मग ते पाणी तळाशी साचते आणि मुळे कुजतात. मी आता बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालते आणि तिथे कोरडे लागले तरच, कोमट पाणी घालते. खत नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंद.

किडीबद्दल थोडक्यात सांगते. तापवलेल्या घरातली हवा फार कोरडी होते आणि लाल कोळ्यांना तेच हवे असते. पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळी आणि वरच्या बाजूला फिकट ठिपके दिसले की ती कीड आहे असे समजावे. पानांवर नुसते पाणी फवारण्याने फारसे काही होत नाही. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूंवर जोरदार पाण्याचा मारा करावा, आणि अंड्यांतून नवे कोळी निघत राहतात म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा तरी करावा. पांढरी माशी आणि मावा यांच्यासाठी साबणाचे सौम्य पाणी पुरते. पिठ्या ढेकूण कापसाने हातानेच टिपावा लागतो. हे सगळे खरे तर ऑक्टोबरमध्ये, कुंडी दाराच्या आत येण्याआधी करायचे काम आहे.

जाग येण्याचा काळ फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो. दिनदर्शिकेपेक्षा मी झाडाकडे बघते: पानांच्या बगलेतला डोळा थोडा फुगलेला, टोकदार आणि ताजा हिरवा दिसू लागला की वेळ झाली. जास्वंद नव्या फुटव्यावरच फुलते, म्हणून या वेळी केलेली छाटणी ही उन्हाळ्यातल्या फुलांची पेरणी असते. फांदीचा शेंडा जिवंत असतो तोवर तिथून खाली उतरणारे संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा कापला की दोन-तीन डोळे एकदम जागे होतात, आणि जिथे एक टोक होते तिथे तीन होतात. मी बाहेरच्या दिशेने तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, तिरका काप घेते आणि सगळ्या फांद्या साधारण एक-तृतीयांशाने कमी करते. पहिल्या वर्षी हात धजावत नव्हता. पाच महिने सांभाळलेले झाड, आणि त्याचीच हिरवी फांदी आपल्या हाताने खाली पाडायची. त्या वर्षी मी केवळ अर्ध्या फांद्या कापल्या. जुलैत फुले आली ती फक्त त्याच अर्ध्या बाजूला, आणि ती बाजू खिडकीकडची नव्हती, भिंतीकडची होती.

छाटणीपासून पहिल्या फुलापर्यंत जास्वंदीला अडीच-तीन महिने सहज लागतात. म्हणूनच ही छाटणी झाड बाहेर काढल्यावर मे-जूनमध्ये करणे थंड मुलखात परवडत नाही; कळ्या धरेपर्यंत उन्हाळा निम्मा संपलेला असतो. कुंडी बदलायची असेल तर तीही याच सुमारास, आणि जुन्या कुंडीपेक्षा दोन-चार सेंटीमीटरच मोठी. ऐसपैस कुंडीत झाड आधी मुळे पसरण्यात गुंतते आणि फार मातीत ओलही फार राहते. खत नवी पाने उलगडल्यावर सुरू करावे. सर्वत्र विकली जाणारी 'फुलांची' खते बहुधा स्फुरदाने (फॉस्फरसने) भरलेली असतात, आणि जास्वंदीला तेच मानवत नाही; तिला पालाश (पोटॅश) अधिक, नत्र मध्यम आणि स्फुरद कमी असे खत, तेही पातळ करून पण वारंवार, लागू पडते. नुसत्या नत्राने काय होते ते मी दोन उन्हाळे पाहिले आहे.

दिवा मी याच सहा-आठ आठवड्यांसाठी वापरते. नवे फुटवे निघत असताना प्रकाश कमी पडला तर सगळा हिवाळा केलेला संयम वाया जातो, कारण लांबुडक्या फुटव्यावर कळी धरली तरी टिकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये झाडाच्या शेंड्यापासून वीतभर उंचीवर दिवा असला, तर फुटवे आखूड आणि जाड येतात.

मग बाहेर नेण्याचा दिवस. माझी सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर झाली. एका वर्षी मेमध्ये लख्ख ऊन पडले, आणि सात महिने काचेआड काढलेल्या झाडांना मी एकाच सकाळी अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवले. मला वाटले, त्यांना ऊनच तर हवे होते. संध्याकाळपर्यंत जास्वंदीच्या पानांवर कागद जळावा तसे पांढुरके चट्टे उठले, आणि आठवड्याभरात ती सगळी पाने गळाली. सावलीत उलगडलेले पान घडणीनेच पातळ असते आणि ते नंतर उन्हाचे पान होऊ शकत नाही. झाडाला नवे, जाड पान काढूनच उन्हाला सामोरे जावे लागते. त्यासाठी त्याला अवधी द्यायला हवा. आता पहिले तीन-चार दिवस कुंड्या भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत, मग काही दिवस सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करत दोन आठवड्यांनी त्या पूर्ण उन्हात पोचतात. ढगाळ दिवस या कामाला सर्वांत चांगले. रात्रीचे तापमान सलग आठवडाभर १२-१३ अंशांच्या वर राहिल्याशिवाय मी हे सुरूच करत नाही, कारण गोठण न होताही नुसत्या गार रात्रींनी ही झाडे काही आठवडे मागे पडतात. चाफ्याला, त्याच्यावर पानेच नसल्यामुळे, हा त्रास कमी.

इतके सगळे नीट पार पडल्यावर कळ्या येतात, आणि गळतात. ज्याने हे अनुभवले नाही त्याला या दुःखाची कल्पना येणार नाही. सकाळी मोजून ठेवलेल्या सात कळ्यांपैकी दुपारी चार मातीवर पडलेल्या असतात, देठाजवळ पिवळ्या, आणि बाकी अगदी निरोगी दिसणाऱ्या. मी अशा कळ्या नखाने उकलून पाहते. आत बारीक, लांबट फुलकिडे धावताना दिसले तर कारण मिळाले. काहीच नसेल तर बहुधा पाणी: एक दिवस कुंडी कोरडी पडली आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब भरली, की झाड आधी कळी सोडते. अचानक आलेली उष्णतेची लाट किंवा गार रात्रही तेच करते. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदी यात अधिक नाजूक. ज्या झाडाने हिवाळ्यात पाण्याचा ताण सोसला, त्याला कळ्या धरल्यावर मात्र एका दिवसाचाही ताण सोसवत नाही, हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावे लागते. त्या दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मातीत बोट घालते.

जास्वंदीचे फूल साधारण एक दिवस टिकते. चौथ्या वर्षी ते उमलले तेव्हा मी कामावर होते आणि संध्याकाळी घरी आले तोवर पाकळ्या मिटू लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुसरे फूल आले, आणि मग सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असा दिवस क्वचितच गेला की झाडावर एकही फूल नव्हते. मोगरा त्याच वर्षापासून नेमाने फुलतो. बोगनवेलीला रंग येतो तो बहुधा ऑगस्टच्या शेवटी, रात्री लांबू लागल्यावर, आणि आत आणतानाही ती रंगातच असते. पडवीत ती पाने आणि रंग दोन्ही हळूहळू खाली टाकते.

चाफा अजून फुललेला नाही. तो कलमापासून वाढवला असता तर कदाचित लवकर फुलला असता, पण माझा बियाचा आहे आणि बियाच्या चाफ्याला तीन वर्षे तरी लागतात, कधी त्याहून पुष्कळ अधिक. यंदा मार्चअखेर त्याच्या सर्वांत जाड फांदीच्या टोकाशी काहीतरी हालचाल दिसली. नुसती पाने येणार असली तर तिथे टोकदार हिरवे कोंब एकावर एक गुंडाळलेले दिसतात. फुलोरा असला तर मधोमध एक गुठळीसारखा, थोडा तांबूस भाग वर उचलला जातो. रोज सकाळी दारातला उजेड त्या टोकावर पडतो तेव्हा मी भिंग घेऊन पाहते. कालपर्यंत तिथे हिरवे कोंब दोन होते, आणि त्यांच्या मध्ये जे आहे त्याचा रंग अजून नक्की सांगता येत नाही. मी त्याला या आठवड्यात पहिले पाणी दिले आहे.